एका खड्ड्यात दोन रोपं

वांग्याच्या दोन रोपांमध्ये किती जागा सोडावी, एवढं एकच वाक्य मला लिहायचं आहे. तीन दिवस झाले, ते होत नाही.

इथल्या एका महिला मंडळाला परसातल्या भाजीवर सोळा पानांचं चोपडं छापायचं आहे. "तुम्ही शाळेत शिकवता, खेड्यातल्या आहात, आणि तुमची लेखणी तिखट आहे," असं मंडळाच्या बाई मला म्हणाल्या. वांगी लावायला तिखट लेखणी कशाला लागते, हे मी विचारलं नाही. हो म्हटलं. मुळा, माठ, मिरची सगळं लिहून झालं. वाफा किती लांब असावा, खत कोणतं घालावं, शिंपण सकाळी करावं की सांजचं, तेही झालं. आता वांगी राहिली आहेत. दौतीत टाक बुडवते, कागदावर धरते, आणि शाईचा थेंब पडतो. एवढंच होतं.

बाहेर पाऊस उघडून पंधरा दिवस झाले आहेत. कातळावरचं गवत पिवळं पडलं आहे. सकाळी दव असतं आणि दहा वाजता ऊन पाठीला चावतं. आमच्या आळीच्या मागे जांभ्या दगडांच्या गडग्याच्या भिंतीपलीकडे बायका भात कापून मोकळ्या झालेल्या कोपऱ्यांत वाफे काढायला लागल्या आहेत. कुदळीचा आवाज इथवर येतो. ओली माती उलटली की तिचा एक वास सुटतो, गोडसर आणि थोडा शेवाळलेला. लोकांना त्या वासाने बरं वाटतं. मला काही वाटत नाही. आठ वर्षांपूर्वीही वाटलं नव्हतं.

मी चोपड्यांवर वाढले. कोणी दुधावर वाढतं, कोणी पेजेवर; मी छापील कागदावर. आमचं गाव हातखंब्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. माझे वडील, आबा, गावच्या शाळेत मास्तर होते. आई मी लहान असतानाच गेली. आबांची एक पत्र्याची पेटी होती आणि तीत कपडे नव्हते, चोपडी होती. दारूबंदी, चरखा, बालविवाह, शिवाशिव, हुंडा, विधवांचे हाल. बारीक टाइपात, पातळ कागदावर, कडेला उद्गारचिन्हांची रांग. आबा ती पडवीत बसून मोठ्याने वाचत आणि गावातली चारदोन माणसं पान खात ऐकत. मी खांबाला टेकून ऐकत असे. छापलेलं असतं ते खरं असतं, आणि खरं असतं ते केलंच पाहिजे, एवढा साधा हिशोब माझ्या डोक्यात पक्का झाला. बाराव्या वर्षी मी गावच्या पुजाऱ्याशी भांडले. चौदाव्या वर्षी परदेशी कापडाचं पोलकं चुलीत घातलं, आणि माझ्याकडे पोलकी दोनच होती. सतराव्या वर्षी सातवीची परीक्षा पास होऊन घरी बसले होते आणि पुढच्या जूनमध्ये ट्रेनिंगला जायची वाट पाहत होते. शिक्षकीण व्हायचं, बायकांना शिकवायचं, लिहायचं. माझ्याआधी आमच्या गावातून कोणी मुलगी गेली नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षीच्या श्रावणात दादा गेला. माझा मोठा भाऊ. मुंबईला गोदीत कामाला होता. पावसात बोटी बंद असतात; तार करायचं त्याच्या खोलीतल्या गाववाल्यांना सुचलं नाही, त्यांनी पत्र लिहवून घेतलं आणि ते घाटावरून फिरून भिजत भिजत आलं. दादा नागपंचमीला गेला होता. पत्र आलं तेव्हा तेरा दिवस झाले होते. म्हणजे त्याच्या अकराव्याला नारळीपौर्णिमा होती आणि आम्ही नारळीभात खाल्ला होता. मी दोनदा वाढून घेतला होता. कासार दारावर आला होता म्हणून वहिनीने हिरवी काकणं भरली होती, आणि ती घट्ट बसली म्हणून आम्ही दोघी हसत होतो.

पत्र वाचून झाल्यावर आबांनी ते चुलीजवळ वाळत घातलं. अक्षरं फुटली होती. मी रडले नाही. प्रेत नाही, चिता नाही, काही बघितलंच नाही, तर रडायचं कशाला धरून? उद्या रडू येईल असं वाटलं. वर्ष गेलं, वर्षश्राद्ध झालं, तरी तो उद्या आला नव्हता. जेवणाला चव नव्हती असंही नाही. चव होती, पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडात असल्यासारखी.

तर त्या कार्तिकात मी वाफ्यांना हात घातला. हाताला काम हवं म्हणून नव्हे. पेटीत भाजीपाल्यावरचं एक चोपडं सापडलं म्हणून.

आमच्या घराखाली भाताचा एक सखल कोपरा होता आणि त्याच्या टोकाला डवरा, म्हणजे हाताने खणलेली उथळ विहीर, चार पायऱ्या उतरून कळशी बुडवायची. दर साली भात निघालं की तिथे वहिनी वाफे काढत असे. काटेरी फांद्यांची वई घालायची, ढेकळं फोडायची, राख आणि शेणखत मिसळायचं. आठ वाफे. प्रत्येकी एक माणूस झोपेल एवढा.

चोपड्यात लिहिलं होतं, वांग्याच्या दोन रोपांत दोन फूट, दोन ओळींत अडीच फूट. एका जागी एकच रोप ठेवावे. दुबळे रोप निष्ठुरपणे उपटून टाकावे. 'निष्ठुरपणे' या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. शाळेची फूटपट्टी आणली, बांबूची कांबट बरोबर दोन फुटांवर तोडली, आणि वाफ्यात उतरले.

वहिनी उकिडवी बसून रोपं लावत होती. तिचं माप म्हणजे तिचं पाऊल. टाच टेकवायची, अंगठ्यापुढे बोटाने खड्डा करायचा, आणि एका खड्ड्यात दोन रोपं. मिरची तशीच, वांगी तशीच. वांग्याला फक्त पाऊल दीड.

"वयनी, हे चुकीचं आहे," मी म्हटलं.

"काय गो झालं, वन्स?"

"एका खड्ड्यात दोन कशाला? दोघं भांडतात मग अन्नासाठी. छापलंय इथे."

"येक आपला, येक मरनाचा," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही. "किडा येतो ना मुळाशी, येकादा घेऊन जातो. त्याचा त्याला द्यायचा."

"आणि किडा आलाच नाही, दोन्ही जगली तर?"

"मग जगू दे की. आपन कोन उपटनार?"

आमच्या शेजारच्या काकी गडग्यावर बसून हे ऐकत होत्या. त्यांची जीभ गावात प्रसिद्ध होती. माझी कांबट आणि फूटपट्टी बघून त्या म्हणाल्या, "काय गो मास्तरांचे, वांगी सोवळ्यात हायेत काय? येकमेकाला शिवाय नकोत?" वहिनी पदर तोंडाला लावून हसली. वर्षभरात ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली. मला हसू आलं नाही. शिवाशिवीवर मी त्याच महिन्यात गावच्या पारावर बोलले होते, आणि काकींनी माझ्याच गोळीने मला टिपलं होतं, हे कळलं. पण कळणं आणि लागणं यांत फरक असतो. लागलं नाही.

शेवटी वाटणी झाली. चार वाफे माझ्या मापाचे, चार तिच्या.

आठ दिवसांनी रोपांनी मुळं धरली, नवी पालवी दिसायला लागली. किडा फारसा आला नव्हता. एका सकाळी वहिनी दळण घेऊन बसली असताना मी खाली गेले आणि तिच्या वाफ्यांतली जोडरोपं बघितली. माझ्या वाफ्यांचा प्रश्न नव्हता, तिथे एकेकच होतं. पण समोर चूक दिसत असताना गप्प बसायचं माझ्या रक्तात नव्हतं. मी तिच्या चारपैकी एका वाफ्यातलं प्रत्येक दुबळं रोप उपटलं. ओल्या मातीतून रोप सुटताना एक बारीक आवाज होतो, कापड उसवल्यासारखा. तो आवाज मी पंधरावीस वेळा ऐकला. बोटं गार पडली होती. अंगात काही हललं नाही. उपटलेली रोपं गडग्यावर ठेवली आणि घरी येऊन पेज प्याले.

वहिनीने दुपारी ती पाहिली. सुकलेली रोपं पदरात घेऊन डवऱ्याच्या पायरीवर बसली, त्यांच्या मुळांवर ओंजळीने पाणी घातलं. त्यातली एकही जगण्यासारखी नव्हती, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी पाणी घालत राहिली. मग ती तिथेच ठेवून कळशी भरून वर आली.

माणसाला तत्त्व असावं, असं मी अजूनही म्हणते. ज्यांना तत्त्व नाही त्यांची मला चीड आहे, आणि ज्यांना आहे पण जे ते बासनात बांधून ठेवतात त्यांची जास्त चीड आहे. परंतु तत्त्वाला पाणी लागतं, आणि ते कोण वाहतं हे चोपड्यात लिहिलेलं नसतं. त्या हंगामात मला ते दिसत होतं, बघितलं नाही.

झालं असं, की पौषात ऊन वाढलं. वहिनीच्या वाफ्यांत पानाला पान लागून जमीन झाकली गेली होती. वर तिने वाळक्या पानांचा पातेरा पसरला होता. सकाळी शिंपलेलं पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत टिकत असे. माझ्या वाफ्यांत दोन फूट मोकळी तांबडी माती उघडी पडली होती. आमची माती ती, वीतभर खोल, खाली जांभा. काळ्या रानाच्या, पाटाच्या पाण्याच्या देशात बसून कोणी ते चोपडं लिहिलं असेल, तिथे ते खरं असेल. इथे पाणी ओतलं की मातीतून थेट खाली जाई आणि वरून ऊन ओढून घेई. दुपारी माझी रोपं माना टाकत. तिच्या वाफ्याला दोन कळशा पुरत, माझ्याला पाच.

"वन्स, येवढं लांब लावलात, उनाला वाट सापडली," ती म्हणाली. आणि जास्तीच्या तीन कळशा आणायला गेली.

मी आणत नव्हते असं नाही. सकाळी एकदोन आणत असे. पण दुपारी माझं लिहिणं असायचं.

आणि वांगी? ती माझ्याच वाफ्यांत मोठी आली. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. एकेक फळ जांभळं, तुकतुकीत, तळहातात मावू नये असं. आबा चार माणसांना वाफ्यापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, "बघा, शास्त्र." वहिनी तेव्हा पायऱ्या चढत होती, डोक्यावर एक कळशी आणि कमरेवर एक.

माघात आणखी एक गोष्ट सुरू झाली, तिचा अर्थ मी लावला नाही. वहिनी मला शिकवायला लागली. आपणहून. तोवर ती आपलं काम आपल्याशी ठेवणारी बाई होती. आता ती मला हाताला धरून बसवी. "हितं टाच ठेवा. हां. मिरचीला येवढंच. मुळ्याला चार बोटं. माठ दाट पेरायचा नि खात खात विरळ करायचा, येकदम उपटायचा नाय." बियाणं कसं ठेवायचं ते दाखवलं. काकडीचं बी शेणात थापून भिंतीला लावायचं, वांग्याचं एक फळ झाडावरच पिकून पिवळं होऊ द्यायचं. चुलीमागच्या फळीवर काय कुठे आहे. आबांना पेजेत मीठ किती लागतं. मी वहीत टिपून घेत असे. पुढेमागे यावर चोपडं लिहीन असं मनात होतं. आपल्याला कोणी घर का समजावून देतं आहे, हा प्रश्न मला पडला नाही. किंवा पडला आणि मी तो दाबला. आज खात्रीने सांगता येत नाही.

मग एक दिवस तिचा भाऊ गणपत आला. उंच, लाजाळू माणूस, बोलताना टोपी काढून गुडघ्यावर ठेवणारा. तो पडवीत बसला, गूळपाणी घेतलं, आणि बराच वेळ भाताच्या पिकाबद्दल बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "मास्तर, येक ठिकान हाय. नाटे गावाच्या बाजूला. आंब्याची राखन करतो. बायको बाळंतपनात गेली, दोन वर्षांची पोर हाय पदरात. मानूस बरा हाय. आमच्या बायचं अजून वय काय, बावीस. तुमची परवानगी असली तर पाट लावून टाकू."

आमच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायला बंदी नव्हती. पण जी घरं स्वतःला खानदानी म्हणवत ती लावत नसत, आणि मास्तरांचं घर म्हणजे आता खानदानी झालं होतं. हेच ते ढोंग, ज्यावर आबांच्या पेटीत सहा चोपडी होती. मी ती सहाच्या सहा पाठ केली होती. मी स्वतःही त्या विषयावर लिहायला घेतलं होतं.

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना लोकांसमोर हो म्हणवत नव्हतं आणि माझ्यासमोर नाही म्हणवत नव्हतं. "मी जुना माणूस," ते म्हणाले. "आमची ही विचारी आहे. या प्रश्नावर लिहिते. काय गं, तुझं काय म्हणणं?"

गणपतने माझ्याकडे पाहिलं. वहिनी माजघराच्या दारात उभी होती, हातात रिकामं तांब्याभांडं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती भांड्याकडे बघत होती.

माझ्या तोंडात सगळी वाक्यं तयार होती. उद्गारचिन्हांसकट. त्या वेळी मनात काय आलं ते आता लपवून उपयोग नाही. ही गेली तर आबांना पेज कोण करून घालणार? जूनमध्ये ट्रेनिंगला मी कशी जाणार? मनात एवढंच आलं. मोठा झगडा वगैरे झाला नाही. झगडा व्हायला आत काहीतरी जिवंत लागतं.

"भाजी निघू दे," मी म्हटलं. "मग बघू."

"भाजी?" गणपत म्हणाला. त्याला वाटलं मी थट्टा केली. तो थोडा हसला, मग कोणीच हसत नाही हे बघून थांबला. "बरं. शिमगा होईस्तवर मी त्याला थांबवून धरतो. त्याच्यापुढं काय तो थांबायचा नाय, पोर ल्हान हाय त्याची."

आबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "भाजी निघू दे."

वहिनी आत गेली. थोड्या वेळाने ती मागच्या दाराने कळशी घेऊन खाली उतरताना दिसली.

त्या साली डवरा लवकर आटला. माझ्या वाफ्यांनी त्याचं पाणी प्यालं होतं, असं काकी म्हणाल्या, आणि असेलही. शिमग्याला आठ दिवस होते तेव्हा आम्ही शेवटची वांगी तोडली, झाडं उपटली, वई मोडून सरपणाला घेतली. वाफे पुन्हा सपाट झाले. मग शिमगा आला. देवाची पालखी दारी आली, ढोल वाजले, गुलाल उडाला, होळीभोवती लोकांनी बोंबा मारल्या. मला ढोल लांबून ऐकू येत होते, माझ्याच अंगणात वाजत असूनही. पुढे चैत्रात कळलं, की नाट्याकडच्या त्या माणसाने लांज्याच्या बाजूची कोणी बाई केली.

जूनमध्ये मी ट्रेनिंगला गेले. जाताना वहिनीने मला वाळवलेल्या वांग्यांच्या फोडींची पिशवी दिली. माझ्याच वाफ्यातली वांगी होती ती, मोठाली.

आठ वर्षं झाली. आबा आता थकले आहेत, त्यांना दिसत कमी. वहिनी तीस वर्षांची आहे आणि पन्नासची दिसते. मी सुटीत जाते, दोन दिवस राहते, परत येते. माझ्या नावाची चोपडी आबांच्या पेटीत वरच्या थरात असतात. मंडळांत मला बोलावतात. माझ्या भाषणानंतर बायका डोळे पुसतात असं मी पाहिलं आहे, आणि ते बघताना मला दरवेळी वाटतं, यांना हे जमतं कसं.

या दिवाळीच्या सुटीत मी घरी गेले ती याच वाक्यासाठी. वहिनी खाली वाफ्यात बसली होती, तशीच उकिडवी. केस पुढून पांढरे झाले आहेत. मी वही घेऊन बांधावर बसले.

"वयनी, वांग्याला किती जागा सोडायची, ते नीट सांग. छापायचंय."

"तुमचं दोन फूट काय झालं?"

"ते इथलं नव्हतं."

ती हसली. "मग लिवा. दीड पाऊल. पर पाऊल कोनाचं ते बी लिवा, नायतर बापय मानसांचं घालतील."

मी लिहून घेतलं. ती पुढे सरकली, टाच टेकवली, खड्डा केला, दोन रोपं ठेवली, माती दाबली. पुन्हा पुढे सरकली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. पाठीकडे बघत होते म्हणूनच बोलता आलं.

"वयनी, तुला तेव्हा जायचं होतं का?"

"कवा?"

"गणपतदादा आला होता तेव्हा."

तिने हातातलं रोप लावून पुरं केलं. भोवतीची माती अंगठ्याने दाबली, एकदा, दोनदा, गरजेपेक्षा जास्त.

"तुमी बोललात, भाजी निघू दे, मग बघू," ती म्हणाली. "भाजी निगाली. मग शिमग्याला आठ दिस व्हते. मी थांबले. मना वाटलं, आता बोलतील. आज बोलतील."

"तू का नाही बोललीस? आबांना नाही, मला तरी?"

"माजं मी कसं बोलनार, वन्स? त्याच्यासाठीच तर तुमी व्हतात ना घरात."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती मला हवामान सांगावं तसं सांगत होती. मला खरोखरच आठवत नव्हतं, म्हणून मी विचारलं, "त्या आठ दिवसांत मी काय करत होते?"

"लिवत व्हतात की," ती म्हणाली. "त्यो इधवांच्या लग्नावरचा लेख. वैशाखात छापून आला नाय काय? मामंजींनी पडवीत वाचून दाखवला समद्यांना. मी आतनं आयकला."

तिने कळशीत हात बुडवून चिखल धुतला, पदराला पुसला आणि पुढचं रोप उचललं.

"चांगला व्हता," ती म्हणाली.